मान्सूनच्या आधी अंदमान

[दृश्य : आर्वी तालुक्यातलं एक गाव. पऱ्हाट्या उपटलेलं वावर. ओसरीतल्या टीव्हीवर हवामानाची बातमी.]

“मान्सून अंदमानात दाखल.” मे महिन्यातली ही बातमी विदर्भातलं प्रत्येक गाव कान देऊन ऐकतं. लगेच बियाण्याची चौकशी सुरू होते, कृषी केंद्रावर चकरा वाढतात. अंदमानचं नाव आपल्याकडे येतं ते असं, पावसाच्या आधी. तिथं फिरायला जायचं मात्र क्वचितच कुणाच्या डोक्यात येतं.

या घराच्या डोक्यात आलं. काका, काकू, पुण्याला शिकणारी मुलगी आणि शेजारचं एक कुटुंब. पहिला बेत ठरला तो मे महिन्याचा. वावर रिकामं, शाळा बंद, पेरणीला अवकाश. गावाकडे सुट्टी म्हणजे मे, त्यात चूक काहीच नाही. पण तिथला पाऊस आपल्या मृगाची वाट पाहत नाही. मेच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच तो अंदमानच्या समुद्रात उतरतो. मग समुद्र खवळतो, बोटी रद्द होतात आणि माणूस हॉटेलच्या खिडकीतून पाऊस बघत बसतो. तो तर इथं बसूनही दिसतो.

अंदमानचा चांगला हंगाम डिसेंबर ते एप्रिल. त्यातले डिसेंबर-जानेवारी आपल्याला कापसाची वेचणी आणि तुरीमुळे जमत नाहीत. नाताळ ते नवीन वर्ष तर तिकिटांना हात लावायची सोय नसते. म्हणून शेतकऱ्याच्या घराला सोयीचा काळ म्हणजे फेब्रुवारीचा शेवट आणि मार्च. शेवटची वेचणी झालेली, हरभरा घरात आलेला. मृग बहाराची संत्री असतील, तर तोड उरकूनच निघा. लेकरांच्या परीक्षा असतील, तर एप्रिलपर्यंत थांबा.

[दृश्य : सेवाग्राम स्टेशन. फलाटावर बॅगांचा ढीग.]

तारीख ठरली की आधी विमानाचं तिकीट. सगळ्यात मोठा खर्च तोच, आणि उशीर केला की वाढतो. अंदमानला जायला चेन्नई किंवा कोलकात्याहून दोन-सव्वादोन तासांचं विमान आहे. वर्ध्याच्या माणसाला दोन्ही वाटा मोकळ्या : वर्ध्याहून हावडा, सेवाग्रामहून चेन्नई. चेन्नई सेंट्रलवर उतरलं की मेट्रो थेट विमानतळावर नेते, त्यामुळे सामान असलेल्यांना ती वाट बरी. गाडी सकाळी पोचते म्हणून दुपारचं विमान धरू नका. गाड्या उशिरा धावतात हे आपल्याला कोणी सांगायला नको. एक रात्र चेन्नईत काढा.

काकांचा प्रश्न रास्त होता : “जहाजानं गेलं तं स्वस्त पडन का?” जहाज आहे. चेन्नई, कोलकाता, विशाखापट्टणमहून सुटतं आणि साधारण तीन दिवस घेतं. महिन्यातल्या मोजक्या फेऱ्या, आणि त्यांच्या तारखा आपल्या सोयीच्या नसतात. ज्यानं समुद्रच पहिल्यांदा बघायचा आहे, त्यानं सुरुवात तिथून करू नये.

तिकिटांवर नवी नावं दिसली तर गोंधळू नका. विमान उतरतं ते पोर्ट ब्लेअर २०२४ पासून श्री विजय पुरम आहे. २०१८ पासून हॅवलॉक बेटाचं स्वराज द्वीप आणि नील बेटाचं शहीद द्वीप झालं आहे.

[दृश्य : बोटीच्या धक्क्यावरची रांग.]

आता या सगळ्या नियोजनाचा गाभा. बेटांमध्ये फिरायचं ते बोटीनं, आणि बोट सुटणार की नाही हे समुद्र ठरवतो. पॅकेजवाले सहा दिवसांत सहा बेटं बसवून देतात. कागदावर ते छान दिसतं. पहिल्या खेपेला हॅवलॉक आणि नील पुरे. परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी पोर्ट ब्लेअरला येऊनच राहा, कारण विमानाच्याच सकाळची बोट रद्द झाली तर विमानही गेलं. मोकळा मिळालेला तो दिवस वाया जात नाही. १९०६ साली बांधून झालेलं सेल्युलर जेल घाईत बघण्यासारखं नाही. तिथला तेलाचा कोलू बघताना काकांना आपल्याकडची घाणी आठवणारच. फरक एवढाच, की तिथं बैलाच्या जागी कैदी जुंपलेला असे.

स्कूबा, म्हणजे पाठीवर हवेची टाकी लावून समुद्रात बुडी, करायचा असेल तर तो शेवटच्या दिवसावर ढकलू नका. पाण्याखालून वर आल्यावर किमान अठरा तास विमानात बसू नये. दमा, रक्तदाब, हृदयाचा त्रास असेल तर अर्जावर खरं लिहा, लाजू नका.

भरती-ओहोटी आपल्याला नवीन. पण भिंतीवरचं कॅलेंडर इथं कामी येतं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास समुद्र सगळ्यात जास्त चढतो आणि उतरतोही. नीलवरचा खडकाचा नैसर्गिक पूल पाहायचा तर ओहोटीलाच, पाणी उतरलेलं असताना. ओहोटीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, म्हणून कालची वेळ आज चालत नाही. हॉटेलात रोज विचारा.

आणि सूर्य. घड्याळ आपलंच, पण बेटं खूप पूर्वेला. साडेपाचच्या आसपास दिवस मावळतो. हॅवलॉकवरच्या राधानगरच्या किनाऱ्यावर “चहा घेऊन निघू” म्हटलं, की पोचेपर्यंत अंधार. पहाटे लवकर उठायची गावाकडची सवय इथं उपयोगी.

[दृश्य : काकूंची बॅग. स्टीलचा डबा, दुपट्टा, औषधाची पिशवी.]

काकूंच्या डब्यात तिखटमिठाच्या पुऱ्या आणि चिवडा. जाऊ द्या, बोटीत उपयोगी पडतं. लोणच्याची बरणी मोठ्या बॅगेत टाका, पॉवर बँक मात्र हातातल्या बॅगेत. बोट लागण्यावरची गोळी डॉक्टरांना विचारून आधीच घ्या. उलटी सुरू झाल्यावर घेऊन फायदा नाही. आपल्या पंचेचाळीस डिग्रीचा तोरा तिथं मिरवू नका. तिथं पारा तिशीतच असतो, पण हवा दमट. घाम वाळत नाही, कूलर कामाचा नाही. दुपट्टा ठेवा, सैल सुती कपडे घ्या. रोख रक्कम जवळ असू द्या, आणि तिकिटांच्या छापील प्रती काढा. छोट्या बेटांवर नेटचा भरवसा धरू नये.

विहिरीत सूर मारणाऱ्या पोरांनाही एक सांगणं : समुद्राला ओढ असते. जीवरक्षक जिथं नाही म्हणतो, तिथं नाही. काही किनाऱ्यांवर मगरींच्या पाट्या आहेत, त्या शोभेच्या नाहीत. बाराटांग बेटाकडच्या रस्त्यावर जारवा आदिवासी दिसले तर फोटो काढणं गुन्हा आहे.

काकूंची शेवटची शंका : “मंग मैत्रिणींले काय आणू? शिंपले तं फुकट सापडतात म्हणे.” सापडतात, पण किनाऱ्यावरून उचलायचे नाहीत. प्रवाळ तर वन्यजीव कायद्यानं संरक्षित आहे, आणि विमानतळावर बॅगा तपासतात. दुकानातून घ्या आणि पावती जपून ठेवा.