फोन काढून घेणार नाही, एवढं आधी सांगा

(पालकसभेत केलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. आज इतके बाबा आलेत हे बघून फार बरं वाटलं. एरवी पालकसभा म्हटली की समोर आयाच दिसतात.

मी मुलांच्या समुपदेशनाचं काम करते. एका नववीतल्या मुलाची गोष्ट सांगते. त्याच्या घरच्यांना विचारून सांगते आहे, आणि ओळख पटेल असं काही त्यात ठेवलेलं नाही. हा मुलगा चार दिवस धड जेवत नव्हता. आईला वाटलं, चाचणी परीक्षेचं टेन्शन असेल. मग तिच्या लक्षात आलं की फोन सारखा पालथा ठेवलेला असतो, आणि तो नुसता थरथरला तरी पोरगं दचकतं, फोन उचलून बाथरूममध्ये जातं आणि बराच वेळ बाहेर येत नाही.

झालं होतं असं. रात्री गेम खेळताना एका अनोळखी माणसाने 'भाई, भारी खेळतोस' म्हणत दोस्ती केली. तिथून इन्स्टाग्रामवर एका मुलीच्या नावाच्या खात्याची ओळख झाली. दोन दिवस 'जेवलास का', 'झोपलास का' असं चाललं. मग तिकडून एक फोटो आला आणि 'आता तुझा पाठव' अशी गळ पडली. याने पाठवला. पाच मिनिटांत भाषा बदलली. याच्याच फॉलोअर्सच्या यादीचा स्क्रीनशॉट समोर आला. त्यात मामा होता, क्लासचे सर होते, वर्गातली निम्मी मुलं होती. 'पाच हजार टाक, नाहीतर यातल्या एकेकाला पाठवतो.' मुलाने साठवलेले आठशे रुपये पाठवले. तासाभरात पुन्हा मागणी आली.

मी त्याला विचारलं, "बाळा, पहिल्याच दिवशी घरी का नाही सांगितलंस?"

तो म्हणाला, "फोन काढून घेतला असता."

मार खाईन, असं म्हणाला नाही. लाज वाटली, हेही त्याने नंतर सांगितलं. आधी आला तो फोन. आपल्याला हे वेडेपणाचं वाटतं, पण चौदा वर्षांच्या मुलाचे मित्र, क्लासचा ग्रुप, सगळं त्या फोनमध्ये असतं. आणि ते पलीकडच्या माणसाला नीट ठाऊक असतं. 'आईबाबांना कळलं तर तुझं काय होईल बघ' हे त्याचं हुकमी वाक्य. ते लागू पडतं, कारण तेच वाक्य आपण घरात रोज ऐकवत असतो.

म्हणून आज घरी गेल्यावर, काहीही बिघडलेलं नसताना, मुलांना सांगा: "काहीही झालं, अगदी तुझी चूक असली तरी मला येऊन सांग. फोन काढून घेणार नाही. आधी आपण त्यातून बाहेर पडू." आणि हा शब्द पाळा. उद्या मुलगी सांगेल की गेममध्ये दोनशे रुपये गेले. त्या वेळी तुमचा चेहरा कसा होतो, हे ती बघणार आहे. दोन हजारांचं, फोटोचं, भेटायला बोलावलेल्या माणसाचं सांगायचं की नाही, हे ती त्यावरून ठरवेल.

तरीही प्रसंग आलाच तर पैसे पाठवू नका. एकदा पैसे दिले की मागणी थांबत नाही, उलट वाढते. चॅट पुसू नका. घाबरून सगळे पहिलं हेच करतात आणि पुरावा जातो. धमक्यांचे स्क्रीनशॉट घ्या आणि समोरच्याचं नुसतं दिसणारं नाव नको, खात्याचं युजरनेम टिपून ठेवा. मग रिपोर्ट करा आणि ब्लॉक करा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा. तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर करता येते. मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन आहे. 'टेक इट डाउन' नावाची एक मोफत सेवाही आहे. तिथे फोटो कुठे पाठवावा लागत नाही. आपल्याच फोनवर त्या फोटोचा एक आकडी ठसा तयार होतो, तेवढाच पुढे जातो, आणि इन्स्टाग्राम, फेसबुक, स्नॅपचॅटसारख्या कंपन्या त्यावरून तो फोटो शोधून हटवतात. व्हॉट्सअ‍ॅपच्या बंद चॅटमध्ये मात्र याचा उपयोग होत नाही.

एक गोष्ट हात जोडून सांगते. असा फोटो कोणत्याही मुलाचा आला, तरी 'ही कोणाची मुलगी आहे, ओळखता का' म्हणत तो ग्रुपवर टाकू नका. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७-ब खाली तो गुन्हा आहे, पहिल्याच वेळी पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. अशा साहित्याला 'चाइल्ड पोर्नोग्राफी' म्हणू नये, ते मुलांच्या शोषणाचं साहित्य आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये सांगितलं. मला ते अगदी पटतं. आपण शब्द नीट वापरला तर 'हिनेच काढला असेल फोटो' ही कुजबुजही कमी होईल. आणि हल्ली स्नेहसंमेलनातल्या साध्या फोटोवरूनही खोटा फोटो तयार करतात, मुलीने काहीच पाठवलेलं नसतं.

पोलिसांत जायला पालक घाबरतात. २०१२ चा पॉक्सो कायदा, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा कायदा, मुलगा-मुलगी असा भेद करत नाही. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला हवं त्या ठिकाणी घ्यायचा असतो, तोही पोलिसांनी गणवेश न घालता. मुलाची ओळख उघड करायला कायद्यानेच बंदी आहे. हे माहीत असू द्या, आणि गरज पडली तर ठामपणे मागा.

आता थोडं आपल्याकडे. इन्स्टाग्रामवर तेरा वर्षांखाली खातं काढता येत नाही, म्हणून चौथी-पाचवीतल्या मुलाचं जन्मसाल बदलून खातं कोण काढून देतं? अनेक घरांत आपणच. सोय म्हणून २००० सालचा जन्म टाकतो. कंपनीच्या लेखी ते मूल पंचविशीचं होतं आणि अल्पवयीनांच्या खात्याला आपोआप लागणारं संरक्षण त्याला मिळतच नाही. आज रात्री शेजारी बसून ते साल तपासा. मुलाच्या पाठीमागे नको, शेजारी बसून.

तो मुलगा आता अकरावीत आहे. त्या दिवशी बाबांनी सगळं ऐकून घेतलं, आणि फोन त्याच्या हातात परत देत विचारलं, "जेवलास का?" तेव्हा तो पहिल्यांदा रडला.

प्रश्न विचारा. सगळ्यांसमोर विचारायचं नसेल, तर मी अर्धा तास बाहेर चिंचेखालच्या बाकावर बसले आहे.