पुरे म्हणायला शिकताना

मित्रहो, समाधानाचा विषय निघाला की बायबलमधल्या फिलिप्पैकरांस पत्रातलं एक वचन हमखास ऐकू येतं: ‘मला जो सामर्थ्य देतो त्याच्याकडून मी सर्वकाही करण्यास शक्तिमान आहे.’ परीक्षा असो, मुलाखत असो, नवा धंदा असो, हेच वचन. पण चौथ्या अध्यायातल्या या 13 व्या वचनाआधीची दोन वचनं वाचा. हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल कैदेत आहे. फिलिप्पैच्या मंडळीने एपफ्रदीताच्या हाती पाठवलेल्या मदतीची तो पोच देतो आहे आणि सांगतो आहे की, भरल्या पोटी कसं राहावं आणि उपाशीपोटी कसं राहावं, दोन्ही मी शिकलो. त्याचं ‘सर्वकाही’ ते हे. हवं ते मिळेल, अशी हमी त्यात कुठेच नाही.

आणि पौलालासुद्धा हे शिकावं लागलं. म्हणजे सराव आला.

हा सराव देवाने इस्राएल लोकांकडून रानात करून घेतला. निर्गम या पुस्तकाच्या 16 व्या अध्यायात मान्न्याचं, म्हणजे देवाने रानात दिलेल्या अन्नाचं, माप ठरलेलं आहे: माणशी एक ओमर, साधारण दोन लिटर. काहींनी सकाळपर्यंत ठेवून पाहिलं, तर त्यात किडे पडले. सातवा दिवस विसाव्याचा, म्हणून सहाव्या दिवशी मात्र दुप्पट गोळा करायची आज्ञा होती आणि ते नासलं नाही. तेव्हा साठवणं हे मुळातच पाप, असं समजू नका. उद्या देव देईल की नाही या धास्तीने केलेला साठा नासला. देवाच्या सांगण्यावरून केलेला टिकला. विम्याचा हप्ता भरणाऱ्याला अविश्वासू ठरवणाऱ्यांनी हा अध्याय शेवटपर्यंत वाचावा.

आता घरी काय करायचं? येशूने शिकवलेल्या प्रभूच्या प्रार्थनेत आपण ‘रोजची भाकर’ मागतो. तिथे थांबून आजची गरज नाव घेऊन सांगा: औषध, फी, भाडं, जे असेल ते. मोघम प्रार्थनेत हाव सहज लपते. नेमकी गरज उच्चारली की तिच्यामागे लपलेली हौस आपली आपल्यालाच दिसते. दुसरं, दान आधी काढून ठेवा. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या 16 व्या अध्यायात पौल आठवड्याच्या पहिल्या दिवशी, मिळकतीच्या मानाने, रक्कम बाजूला ठेवायला सांगतो. महिनाअखेरीस उरेल ते देऊ म्हटलं की उरत नाही, कारण खर्च मिळकतीएवढा फुगतो. दशमांश, म्हणजे मिळकतीचा दहावा भाग, एकदम जमत नसेल तर शंभरातले दोन-तीन रुपये काढा, पण पगार हातात आल्या दिवशी.

बहुतेकांची गाडी अडते ती पुढे. वस्तू कमी केल्या, खर्च आवरला, तरी चैन पडत नाही. उलट साधेपणाचाच तोरा चढतो. इब्री लोकांस पत्राच्या 13 व्या अध्यायातलं पाचवं वचन आपण अर्धंच पाळतो, म्हणून असं होतं. जवळ आहे त्यात तृप्त असा, एवढं सांगून ते थांबत नाही, लगेच कारणही देतं: ‘मी तुला सोडून जाणार नाही व तुला टाकणार नाही,’ असं देवाने म्हटलं आहे. ख्रिस्ती समाधान या सोबतीवर उभं असतं. सोबत वगळली तर मागे नुसती काटकसर उरते. ती चांगलीच, पण आजारपण किंवा नोकरी जाणं तिला पेलत नाही.

एक सावधगिरी. हे वचन दुसऱ्याच्या तोंडावर फेकू नये. मजुराची मजुरी अडवून त्याला तृप्तीचा उपदेश करणाऱ्याने याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय वाचावा: अडवलेली मजुरी ओरडते आणि मजुरांची ओरड प्रभूच्या कानी पोचते. तिथे आधी मजुरी चुकती करायची, उपदेश नंतर.