चप्पल गारगोटीला गेली तेव्हा

अध्यक्षमहोदय आणि मंडळी, आजचा 'स्कीचं बाइंडिंग' हा विषय वाचून दोघांनी मला दारातच अडवलं, "पन्हाळ्यावर बर्फ पडायला लागलाय काय?" नाही पडला. पण गुलमर्गला जाऊन आलेली चार-दोन पोरं इथं बसलीत. त्यांतला एकजण परवा म्हणाला, "काका, कधीच न सुटणारं बाइंडिंग सांगा." त्या 'कधीच'पायी आज उभा आहे.

बाइंडिंग म्हणजे बूट स्कीवर, म्हणजे बर्फावर घसरायच्या पट्टीवर, धरून ठेवणारी जोडणी. टूरिंगचं, म्हणजे स्की घालूनच डोंगर चढून मग उतरण्यासाठीचं, असेल तर चढताना फक्त पुढून धरतं, टाच मोकळी. उतरताना टाचही अडकवायची. म्हणजे चढताना आपली कोल्हापुरी चप्पलच की! अंगठा धरतो, टाच उचलते.

आता चप्पल निघालीच आहे तर ऐका. कॉलेजात असताना स्टँडवर सुटलेली एसटी धरायला पळालो. चप्पल पायरीच्या पत्र्यात अडकली, अंगठा तुटला. चप्पल गारगोटीला गेली, पाय माझ्याकडे राहिला. आई म्हणाली, "अंगठा तुटला म्हणून पाय वाचला." मला मात्र राग चपलेचा. नवा जोड घेतला आणि अंगठ्यात तार घालून घेतली. शिवणारे मामा नको नको म्हणत होते, मी हट्टाला पेटलेला. महिन्याभरात गटाराच्या जाळीत तीच चप्पल अडकली. तार काही तुटली नाही, घोटा मुरगळला. सहा आठवडे प्लास्टर! मामा बघायला आले, काही बोलले नाहीत, नुसते चपलेकडे बघत बसले.

आपलं गाव पैलवानांचं. पकड सुटली की कुस्ती गेली, हे आपल्या रक्तात. बाइंडिंगला दोन्ही जमावं लागतं: नको तेव्हा सुटू नये, हवं तेव्हा सुटावं. पहिलं म्हणजे भरवसा, दुसरं म्हणजे सुरक्षा, आणि एक वाढवायला जावं तर दुसरं...

अध्यक्षांची चिठ्ठी आली. सात मिनिटं. मूळ विषय राहिलाच, आता पळवतो.

टूरिंगचं पिनचं बाइंडिंग 1980च्या दशकात फ्रिट्झ बार्थेल या ऑस्ट्रियन माणसानं काढलं. बुटाच्या टोकाला दोन खाचा, त्यात दोन पिना, टाचेलाही दोन. वजन तीन-साडेतीनशे ग्रॅमच्या घरात, त्यामुळं चढाला सुख. पण साध्या, नुसत्या उतारावरच्या स्कीचं बाइंडिंग पाय पिळला की पुढून सुटतं. पिनचं बहुतेक वेळा टाचेकडून. शिवाय साध्यात बूट जरा सरकून परत जागेवर येतो, पिनच्यात ही सवलत कमी. फ्रिट्शी कंपनीच्या व्हिपेक बाइंडिंगनं पिन ठेवून पुढून सुटायची सोय केली. 2018 साली आलेलं शिफ्ट नावाचं बाइंडिंग चढताना पिनवर, उतरताना साध्यासारखं. पण एक नग नऊशे ग्रॅमच्या आसपास. मानकंही वेगळी, साध्याला आयएसओ 9462, टूरिंगला 13992. म्हणून डिनचा आकडा, म्हणजे किती जोर आला की सुटायचं तो, दोन्हीवर सारखा दिसला तरी वागणं सारखं धरू नका, दुकानात यंत्रावर तपासून घ्या. तो आकडा वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि स्की करण्याची पद्धत बघून ठरतो. पन्नाशी झाली की एक पायरी खाली. इथं निम्मे आपण खालीच!

आणखी एक. पडताना नडगी मोडण्याचे प्रकार चांगल्या बाइंडिंगमुळं पुष्कळ कमी झाले, गुडघ्याच्या लिगामेंटची हमी मात्र कुठलंच बाइंडिंग देत नाही. पोरांनो, ऐकताय ना?

चढताना टोची, म्हणजे बाइंडिंगच्या पुढच्या भागाची, खिटी कुलूपबंद करतात. उतरायच्या आधी ती उघडायची, नाहीतर माझी तार. हिमस्खलनात न सुटणारी स्की माणसाला खाली ओढते. आणि नको तेव्हा सुटलं तर कंपनीला शिव्या देण्याआधी टोखालचा बर्फ बघा. तो साठला की पिनांचा जबडा पुरता मिटत नाही. बूट अडकवला की टाच चार वेळा वर-खाली करायची, मग कुलूप.

झालं. नमुन्याला दोन बाइंडिंगं टेबलावर ठेवलीत, हाताळून बघा. जबड्यात बोट तेवढं घालू नका.