सीट मऊ नको, मापाची हवी

(दादर येथे सायकलस्वारांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. मुलुंड, पार्ले, वसई, पनवेल अशी कुठून कुठून मंडळी आलीत, त्यातली बरीच सकाळची राइड आटपून आलीत. तेव्हा पाल्हाळ न लावता विषयाला हात घालते.

मी व्यवसायाने फिजिओथेरपिस्ट आहे. सायकल चालवणारे माझ्याकडे येतात ते कंबर धरली, गुडघा दुखतो असं सांगत. बोलणं जरा पुढे गेलं की आवाज खाली येतो आणि मूळ दुखणं कळतं. सीट लागते. तासाभराने बसवत नाही. कुणाला पुढच्या भागात मुंग्या येतात, कुणाच्या जांघा सोलवटून निघतात. घरी सांगायची चोरी, मित्रांना सांगायची लाज. मग दर रविवारी काहीतरी कारण निघतं आणि हौसेने घेतलेली एमटीबी, म्हणजे माउंटन बाइक, बाल्कनीत धूळ खात पडते. याचं मला फार वाईट वाटतं, कारण यातल्या बहुतेकांचा त्रास टळण्यासारखा असतो. म्हणून आज मी अगदी मोकळेपणाने बोलणार आहे, तुम्हीही मोकळेपणाने विचारा.

सीट लागली की माणूस आधी काय करतो? जेलचं कव्हर आणतो, नाहीतर दुकानात जाऊन अंगठ्याने दाबून दाबून सगळ्यांत गुबगुबीत सीट उचलतो. दुकानात पाच मिनिटं बसून पाहिलं तर ती खरंच छान वाटते. चाळीस मिनिटांनी काय होतं ते बघा. आपल्या कुल्ल्यांच्या खाली दोन हाडं असतात. कडक बाकावर पुढे-मागे डोललात की ती लगेच जाणवतात. त्यांना आपण बैठकीची हाडं म्हणू. शरीराचा भार पेलायचं काम त्यांचं आहे आणि त्यांच्यात ती ताकद आहे. सीट फार मऊ असली की ही हाडं गादीत रुततात, आणि दोन हाडांच्या मधली गादी वर फुगून मधल्या नाजूक भागावर दाबायला लागते. तिथून पुडेंडल नावाची नस जाते, तिच्या सोबतीने रक्तवाहिन्या जातात. त्या दाबल्या गेल्या की मुंग्या येतात, बधिरपणा येतो. म्हणजे आरामासाठी घातलेला मऊपणा भार नको तिथे नेऊन टाकतो. शिवाय कव्हर चढावर सरकतं ते वेगळंच.

त्यामुळे सीट घेताना पहिला प्रश्न रुंदीचा. माझी दोन हाडं एकमेकांपासून किती लांब आहेत? हे माणसाच्या जाडीवरून कळत नाही. भरल्या अंगाच्या माणसाची हाडं जवळजवळ असू शकतात आणि सडपातळ बाईची चांगली लांब. बायकांमध्ये हे अंतर सरासरीने जास्त असतं, पण सरासरीवर सीट घ्यायची नसते, स्वतःच्या मापावर घ्यायची.

माप घरच्या घरी निघतं. कुरियरच्या खोक्याचा पन्हाळी पुठ्ठा घ्या, आतून नागमोडी असतो तो. जिन्याच्या पायरीवर किंवा लाकडी स्टुलावर ठेवा. सोफा चालणार नाही, गादीची खुर्ची चालणार नाही. पातळ कपड्यांत त्यावर बसा, सायकलवर जितके पुढे वाकता तितके वाका, आणि टाचा थोड्या उचला, म्हणजे मांड्यांवरचा भार हाडांवर येतो. दोन्ही हातांनी स्टुलाची कड धरून स्वतःला खाली ओढा, अर्धा मिनिट तसेच राहा आणि पुठ्ठा न रगडता सरळ वर उठा. आता खडू आडवा धरून पुठ्ठ्यावर हलका फिरवा. जिथे हाडं बसली तिथे खडू लागत नाही, दोन लांबट खळगे स्पष्ट उठतात. प्रत्येक खळग्याच्या मध्यावर पेनाने टिंब द्या आणि टिंबापासून टिंबापर्यंत मोजा. कडेपासून कडेपर्यंत मोजलं की माप फसतं, ही चूक फार होते. मनाची खात्री होईपर्यंत दोन-तीनदा करा.

समजा अंतर ११५ मिलिमीटर आलं. मग सीट साधारण १४० ते १४५ मिलिमीटर रुंद हवी, कारण हाडांच्या बाहेर दोन्ही बाजूंना थोडी जागा लागते. बाजारात १३०, १४३, १५५, १६८ अशा मापांच्या सीटा मिळतात. चांगल्या सीटच्या खालच्या बाजूला किंवा खोक्यावर रुंदी छापलेली असते. छापलेली नसेल तर दुकानदाराकडून पट्टी मागून घ्या आणि मागचा सर्वांत रुंद भाग मोजा. यात संकोच कसला?

पण नुसतं हाडांचं माप पुरत नाही, बसण्याची ढबही बघावी लागते. माणूस जितका पुढे वाकतो तितकं त्याच्या कमरेचं हाड पुढे कलतं आणि भार हाडांच्या पुढच्या भागावर येतो. ही हाडं पुढे जाताना एकमेकांकडे येत जातात, म्हणून शर्यतीच्या सायकलला अरुंद सीट चालते. एमटीबीचं हँडल त्यामानाने उंच, बसणं जास्त ताठ. मग भार मागे येतो आणि सीट थोडी रुंद लागते. मित्राची रोडबाइकवरची महागडी सीट तुम्हाला टोचते, ती यामुळे. आणि उलट बाजूही सांगते. सीट गरजेपेक्षा रुंद घेतलीत तर पेडल मारताना मांड्यांची आतली बाजू तिच्या कडांना घासत राहते. मुंबईच्या घामात त्याची पुरळं आणि गळवं व्हायला एक लांब राइड पुरते.

आता एमटीबीचं खास. या सायकलवर माणूस एका जागी बसून राहत नाही. ठाण्यातल्या येऊरचा चढ घ्या, किंवा बोरिवलीच्या नॅशनल पार्कात कान्हेरीच्या आधीचा शेवटचा चढ. पुढचं चाक उचलू नये म्हणून तुम्ही आपोआप सीटच्या टोकाकडे सरकता. तिथे टोक टणक आणि निमुळतं असेल तर जीव नकोसा होतो. म्हणून एमटीबीच्या सीटचं टोक जरा रुंद आणि त्यावर पॅडिंग असलेलं बघावं. उतारावर याच्या उलट, शरीर सीटच्या मागे जातं आणि परत पुढे येतं. मागच्या कडा उंच आणि चौकोनी असल्या की सैल शॉर्ट्स त्यात अडकते. खडकाळ वाटेवर असं अडकणं म्हणजे पडणं. कडा गोल उतरत्या हव्यात आणि कोपऱ्यांवर जाड, न फाटणारं कापड हवं, कारण सायकल पडली की पहिला मार तिथेच बसतो.

टोकच नसलेली सीट घ्यावी का, असं बरेच जण विचारतात. त्यामागे गंभीर इतिहास आहे. १९९७ साली अमेरिकेतले मूत्ररोगतज्ज्ञ आयर्विन गोल्डस्टाइन यांनी सायकलची सीट आणि पुरुषांच्या लैंगिक तक्रारी यांचा संबंध जाहीरपणे मांडला, तेव्हा सायकलच्या जगात खळबळ उडाली. मधोमध खाच असलेल्या सीटा त्यानंतर बाजारात रुळल्या. पुढे २००८ मध्ये कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणाऱ्या अमेरिकेच्या नायॉश या सरकारी संस्थेचा अभ्यास आला. सायकलवर गस्त घालणाऱ्या ९० पोलिसांना सहा महिने बिनटोकाची सीट वापरायला दिली होती, आणि बहुतेकांचा बधिरपणा गेला. सपाट रस्त्यावर तासन् तास बसून जाणाऱ्याने ती जरूर वापरून बघावी. मात्र कच्च्या वाटेवर आपण मांड्यांनी सीटचं टोक दाबून सायकल सांभाळतो. टोक गेलं की तो ताबा जातो. एमटीबीवाल्यांसाठी मधली खाच किंवा खोलगट पन्हळ असलेली, आखूड टोकाची सीट हा जास्त व्यवहार्य मार्ग आहे. जुन्या घडणीच्या सीटा २७० ते २८० मिलिमीटर लांब असायच्या, आखूड टोकाच्या आता २४०-२५० मध्ये मिळतात.

बायकांशी वेगळं बोलते, आणि पुरुषांनीही ऐकावं. पुढच्या नाजूक भागाला सूज येणं, कातडी सोलवटणं, लघवीला जळजळ होणं हे 'सवय होईल' म्हणून सोसायचं नाही. रुंद आणि लांब खाच असलेली सीट, मापाची रुंदी आणि सीटचा कल, या तीन गोष्टींनी खूप फरक पडतो. सीटवर 'महिलांसाठी' लिहिलेलं आहे आणि रंग गुलाबी आहे, एवढ्यावर घेऊ नका. पुठ्ठ्यावरचं माप घेऊनच दुकानात जा.

आता मला सगळ्यांत कळकळीने सांगायचं आहे ते. नवी सीट घेण्याआधी जुनी सीट नीट लावून बघा. माझ्याकडे येणाऱ्या कित्येकांची सीट वाईट नसते, चुकीच्या उंचीवर आणि चुकीच्या कलावर बसवलेली असते. उंचीसाठी पेडल सर्वांत खाली आणा आणि त्यावर टाच ठेवा. पाय सरळ व्हायला हवा, पण कुल्ला कलता कामा नये. सीट उंच असली की दर फेऱ्याला कुल्ले डावी-उजवीकडे डोलतात आणि कातडी घासली जाते. फार खाली असली की पायांवर भार येतच नाही, सगळं वजन सीटवर. कलासाठी सीटवर एक कडक पुठ्ठ्याची वही ठेवा आणि तिच्यावर मोबाइलमधलं लेव्हलचं अ‍ॅप. सपाटपासून सुरुवात करा. पुढे दाब येत असेल तर टोक एक-दोन अंश खाली. फार खाली केलंत तर घसरत पुढे याल आणि मनगटं भरून येतील.

इथे सस्पेन्शनवाल्यांनी एक लक्षात ठेवायचं. मागेही सस्पेन्शन असलेल्या सायकलवर तुम्ही बसलात की मागची बाजू दबते आणि सीटचं टोक वर उचललं जातं. रिकामी सायकल भिंतीला टेकवून सपाट केलेली सीट बसल्यावर सपाट राहत नाही. तुम्ही बसा आणि दुसऱ्या कुणाला तरी बाजूने बघायला सांगा.

नवी सीट लावण्याआधी जुनीची मापं वहीत लिहून ठेवा. क्रँकच्या, म्हणजे पेडल ज्याला जोडलेलं असतं त्या दांड्याच्या आसाच्या, मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत किती, आणि सीटपासून हँडलपर्यंत किती. प्रत्येक सीटची जाडी वेगळी असते, त्यामुळे सीटपोस्ट, म्हणजे सीटखालची नळी, न हलवताही उंची बदलते आणि लोक नाहक नव्या सीटला दोष देतात. आखूड सीटचं टोक आपसूक हँडलपासून लांब पडतं, म्हणून टोकावरून मोजू नका. दोन्ही सीटांवर ७०-८० मिलिमीटर रुंदीची जागा शोधा आणि तिथून मोजा.

जोडणीचं थोडक्यात. बहुतेक सीटांच्या खालच्या रेल ७ मिलिमीटर जाडीच्या गोल सळ्या असतात आणि त्या सीटपोस्टच्या माथ्यावरच्या बहुतेक क्लॅम्पमध्ये, म्हणजे पकडीत, बसतात. कार्बनच्या रेल बऱ्याचदा उभट असतात, ७ बाय ९ किंवा त्याहून थोड्या मोठ्या. त्या साध्या क्लॅम्पमध्ये ठोकून बसवायच्या नाहीत, तडकतात. स्वस्त सायकलींचा क्लॅम्प दात्यांचा असतो, त्यात कल एकेका दात्यानेच बदलतो. हवा तो कल मिळत नसेल तर आधी बोल्टवाली सीटपोस्ट घ्या. २७.२, ३०.९ आणि ३१.६ मिलिमीटर हे नेहमीचे व्यास, पण जुन्या पोस्टवर कोरलेला आकडा वाचून मगच क्रॉफर्ड मार्केट-धोबी तलावच्या दुकानांत जा. अंदाजाने आणलेली पोस्ट एक तर आत जात नाही किंवा खाली सरकत राहते.

आपल्या हवेचं काय? ब्रूक्स या १८६६ पासूनच्या इंग्लिश कंपनीच्या कातडी सीटा मला फार आवडतात. वापरून वापरून त्या बसणाऱ्याच्या हाडांचा आकार घेतात. पण जून ते सप्टेंबर मुंबईत कातडं भिजतं, सैल पडतं, बुरशी धरतं. रोज पुसायची, अधूनमधून कातड्याचं मेण लावायची, पावसात झाकायची तयारी असेल तरच घ्या. एरवी वरून शिवण नसलेली सिंथेटिक सीट बरी, शिवणीतून पाणी आत शिरतं आणि स्पंज दिवसभर ओला राहतो. राइडवरून आल्यावर रेल आणि बोल्ट फडक्याने पुसा. घामाचं मीठ आणि समुद्राची हवा, दोन्ही मिळून गंज लवकर चढवतात.

आणि पॅडेड शॉर्ट्स. तिच्या आत दुसरं काही घालायचं नाही, शिवण तिथेच रुतते. घरी आलं की ती लगेच काढून धुवायची. पॅड चांगलं असेल तर सीट कमी गादीची चालते.

प्रश्न आला आहे, नव्या सीटला किती दिवस द्यायचे? हाडांवरच्या भागाला सुरुवातीचे काही दिवस दुखेल, ते कमी होत जातं. पहिले दोन आठवडे आरेसारख्या छोट्या फेऱ्या करा, अ‍ॅलन की, म्हणजे बोल्ट फिरवायची षटकोनी किल्ली, खिशात ठेवा आणि एका वेळी एकच बदल करा. पेव्हर ब्लॉक आणि स्पीडब्रेकर आले की कुल्ले उचला. सलग बसून न राहता दर दहा मिनिटांनी काही सेकंद उभं राहून पेडल मारा. मुंग्यांना मात्र मुदत द्यायची नाही. बधिरपणा आला की त्याच राइडला थांबून कल तपासा. राइड संपल्यावरही तो तासन् तास टिकला, लघवीतून रक्त गेलं किंवा गळवासोबत ताप आला, तर सायकल बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जायचं.

मागच्या टेबलावर पुठ्ठे, खडू आणि पट्ट्या ठेवल्या आहेत. बायकांसाठी शेजारच्या खोलीत वेगळी सोय केली आहे. ज्यांनी सायकल आणली आहे त्यांनी सीटपोस्टवरचा आकडा वाचून या, मी इथेच आहे.