सूचना कोणासाठी लिहायची?

नमस्कार श्रोतेहो.

सूचना सोपी केली तर ती अपुरी वाटेल, अशी धास्ती लिहिणाऱ्याला असते. मग तो एखादा अपवाद घालतो, वर एक खुलासा जोडतो, आणि नेमके काय करायचे तेच त्या गर्दीत दिसेनासे होते.

हृदय बंद पडलेल्या माणसाला वाचवण्याच्या सूचना पाहा. पूर्वी सामान्य नागरिकांनाही आधी नाडी तपासायला शिकवत. पण घाबरलेल्या माणसाला नाडी नीट कळत नाही, चाचपडण्यात वेळ जातो. म्हणून २००० सालच्या मार्गदर्शक तत्त्वांतून सामान्य माणसासाठीची ही पायरी काढून टाकली. २००८ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने आणखी पुढचे पाऊल टाकले. प्रौढ व्यक्ती डोळ्यांदेखत अचानक कोसळली, तर प्रशिक्षण नसलेल्याने दोनच गोष्टी करायच्या: मदतीसाठी फोन करा, छातीच्या मधोमध जोरात आणि भराभर दाबत राहा. वैद्यकशास्त्र काही सोपे झाले नव्हते. डॉक्टरांसाठीचे बारकावे तसेच राहिले. पण थरथरत्या हातांना काय पेलेल, याचा विचार तज्ज्ञांनी आधी केला. सोपेपणा म्हणतात तो हाच, आणि त्यासाठी विषय पुरता ठाऊक असावा लागतो. काय गाळले तर चालेल, हे अर्धवट माहितीवर ठरवताच येत नाही.

शब्द सोपे असूनही घोटाळा होतो, तो क्रमामुळे. ‘बटण दाबा. त्यापूर्वी झाकण नीट बसले आहे का पाहा.’ दोन्ही वाक्ये स्वच्छ आहेत. पण दुसरे वाचेपर्यंत बटण दाबून झालेले असते! ज्या क्रमाने हात चालणार, त्याच क्रमाने वाक्ये हवीत. अट आधी, कृती नंतर. आणि ‘दाबण्यात यावे’ कशाला? सरळ ‘दाबा’ म्हणा. आज्ञार्थात उद्धटपणा नसतो, उलट वाचणाऱ्याची काळजी असते.

ऐकायच्या सूचनेत तर हे अधिकच जपावे लागते, कारण निसटलेले वाक्य मागे जाऊन पुन्हा ऐकता येत नाही.

तुम्ही सूचना लिहिलीत, तर ते काम कधीच न केलेल्या एखाद्याच्या हातात ती द्या. शेजारी बसा, पण समजावून सांगू नका. त्याचा हात जिथे अडेल, ते वाक्य पुन्हा लिहायला घ्या.