सोलापूरच्या गच्चीवर वेदर स्टेशन नेमकं कुठं लावायचं?

नमस्कार मंडळी! समजा, मे महिन्यातल्या दुपारी तुमच्या वेदर स्टेशननं, म्हणजे तापमान, वारा, पाऊस मोजणाऱ्या घरगुती संचानं, ४७ अंश दाखवले आणि हवामान खात्यानं सांगितले ४३. लगेच खात्यावर चिडू नका. तुमच्या यंत्रानं ४७ खरंच मोजलेत, पण ते स्लॅबचे.

(कॅमेरा गच्चीवर)

हे बघा. उन्हाळ्यात आपली गच्ची म्हणजे तापलेला तवा. शेजारी टाकी, सोलर, पलीकडं कुणाचे तरी पत्रे. सेन्सर कठड्याला टांगला, की भिंतीची धग तो पार रात्रीपर्यंत मोजत बसतो. जागतिक हवामान संघटनेच्या नियमाप्रमाणं तापमापक जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंच, मोकळ्या हवेत, खाली गवत किंवा माती असलेल्या जागी हवा. जुळे सोलापुरात, होटगी रोडला ज्यांच्या घरामागं थोडं अंगण आहे, त्यांनी गच्चीचा नाद सोडा, तिथंच लावा. फ्लॅटवाल्यांनी पाईप उभा करून फरशीपासून निदान दोन मीटर वर न्यायचा. आणि सेन्सरभोवतीचं हे पांढरं, झडपांचं कवच? त्यातून वारा खेळला पाहिजे. सावली हवी म्हणून डब्यात कोंबू नका. धुळीनं कवच मळलं की ऊन जास्त शोषतं, म्हणून अधूनमधून ओल्या फडक्यानं पुसा.

आता वारा. नियमानं वाऱ्याचं यंत्र १० मीटरवर, आणि अडथळ्याच्या उंचीच्या दहापट लांब. दीड मीटरची टाकी असेल तर पंधरा मीटर. एवढी गच्ची कुणाची असते ओ? म्हणून टाकीच्याही वर न्यायचं. अडचण अशी, की बाजारातले बरेच संच एकाच दांड्यावर सगळं बसवलेले असतात. वारा उंच मागतो, तापमान खाली मागतं. माझं मत विचाराल तर सोलापूरकरानं तापमान आणि पाऊस नीट मिळेल अशी जागा धरावी. वारा थोडा कमी दिसला तर दिसू दे.

पावसाचं गणित सोपं आहे. १ मिलिमीटर म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. आत छोटी डुगडुगती वाटी असते. ठरावीक पाणी भरलं की ती कलंडते, आणि तेच मोजलं जातं. बहुतेक यंत्रांत एका वेळेला ०.२ किंवा ०.३ मिलिमीटर. त्यामुळं यंत्र लेव्हलमध्ये हवं, बुडबुडा अगदी मधोमध. पाईप ढिला असेल तर वळवाच्या वाऱ्यात वाटी नुसती हलूनच पाऊस नोंदवते, थेंबही न पडता! भिंतीपासून तिच्या उंचीच्या दुप्पट तरी लांब ठेवा. कबुतरांची घाण आणि कोळ्याची जाळी पावसाळ्याआधी काढाच, पण ऑगस्टअखेर पुन्हा एकदा काढा. आपल्याकडं सप्टेंबरचा पाऊसच मोठा असतो.

वाऱ्याच्या यंत्राची दिशा लावताना मोबाईलचं होकायंत्र लोखंडी पाईपजवळ धरू नका, चार पावलं लांब उभं राहून उत्तर ठरवा. दुपारच्या सावलीवरून ठरवायची तर ती हिवाळ्यात. मेच्या मध्यापासून जुलै संपेपर्यंत मध्यान्हीचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो, सावली उलटी पडते. यंत्रावर सोलर पट्टी असेल तर तिचं तोंड दक्षिणेला.

(कॅमेरा घरात, डिस्प्लेजवळ)

डिस्प्ले हवेचा दाब ९५५ हेक्टोपास्कलच्या आसपास दाखवतोय म्हणून घाबरू नका. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर उंच आहे, तेवढा दाब इथं कमीच असतो. सेटिंगमध्ये उंची भरा, किंवा सापेक्ष दाब (समुद्रसपाटीला धरून काढलेला) खात्याच्या आकड्याशी जुळवा. त्यावरचं ढग-सूर्याचं चित्र मात्र फारसं मनावर घेऊ नका. ते मुख्यतः दाब चढतोय की उतरतोय यावर चालतं. त्यापेक्षा सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेतली वासराची भाकणूक (वासराच्या वागण्यावरून सांगितलेलं भाकीत) ऐकायला तरी मजा येते!

सेन्सरपासून डिस्प्लेपर्यंतच्या सिग्नलचं थोडक्यात: खोक्यावर शंभर मीटर लिहिलेलं असतं, ते मोकळ्या मैदानातलं. स्लॅब आणि पत्रा मध्ये आला की निम्मंही मिळत नाही. म्हणून पाईप पक्का करण्याआधी सेन्सर नुसता वर ठेवून एक रात्र बघा. वायफाय बहुतेक संचांना २.४ गिगाहर्ट्झचंच लागतं.

पाऊस पेपरातल्या आकड्याशी ताडून बघायचा असेल, तर खात्याचा दिवस सकाळी साडेआठ ते साडेआठ असतो. तुमचा डिस्प्ले रात्री बाराला शून्यावर येतो. म्हणून रोज सकाळी साडेआठला एकूण पावसाचा (टोटल) आकडा टिपून त्यातून आदल्या दिवशीचा वजा करत चला, आणि तुमच्या पेठेत किती पडला ते खाली कमेंटमध्ये टाका.