पत्र्यावरचं पाणी

[दृश्य: आटलेला नाथसागर, भेगाळलेला गाळ]

एप्रिल २०१६. मिरजेहून निघालेली पाण्याची पहिली रेल्वे लातूरला पोचली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. त्याच महिन्यात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं कारखान्यांच्या पाण्यात कपात करायला लावली. दारू आणि बिअर कारखान्यांचं पाणी आधी निम्म्यावर आलं, मग कपात ६० टक्क्यांवर गेली. बाकीचे उद्योगही सुटले नाहीत.

छत्रपती संभाजीनगरात शहर, शेती, एमआयडीसी, सगळ्यांचा डोळा एकाच जायकवाडीवर. नाथसागर हा याच धरणाचा जलाशय. धरण आटलं की पहिला वाद पेटतो तो कुणाचं पाणी तोडायचं याचा. आणि प्यायला पाणी नसेल, तर कारखान्याचंच तोडणार. तेच बरोबर आहे.

[दृश्य: वाळूज औद्योगिक वसाहत, वरून. पत्र्याची छपरं, दूरपर्यंत]

आता हे बघा. वाळूज आकाशातून असं दिसतं. पत्राच पत्रा. छत्रपती संभाजीनगरच्या परिसरात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. हिशोब इतका सरळ आहे. पाच हजार चौरस मीटरची शेड धरली आणि गळती, उडणं, पहिलं घाण पाणी सोडून ८० टक्केच हाती लागलं असं मानलं, तरी वर्षाचे २८ लाख लिटर होतात. दहा हजार लिटरचे २८० टँकर. लातूरच्या त्या पहिल्या गाडीएवढं पाणी हा एकटा पत्रा १२५ मिलिमीटर पावसात देतो.

[दृश्य: जूनमधला जोरदार पाऊस. पन्हळ, खाली उतरणारा पाईप, चेंबर, गटार]

आज ते जातं कुठं? मृगाचा पाऊस पत्र्यावर आदळायला लागला की शॉप फ्लोअरवर शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. पन्हळ भरते, पाईप धो धो वाहतो आणि पाणी थेट आवारातल्या गटारात पडतं. तिथं त्याला यार्डातलं ऑइल भेटतं, लोखंडाचा चुरा भेटतो, सिमेंट भेटतं. गटारातून नाला, नाल्यातून खाम नदी, आणि खाम पुढं जाते नाथसागरालाच. पत्र्यावर स्वच्छ पडलेलं पाणी आपण मळवून धरणात सोडतो. मग तिथून पंपानं उचलून, शुद्ध करून, पैसे मोजून परत आणतो. या फेऱ्याला काही अर्थ आहे का?

पावसाचं पाणी म्हटलं की बहुतेक ठिकाणी लगेच शोषखड्डा खणतात. आमचं म्हणणं थोडं वेगळं आहे. कारखान्यानं हे पाणी आधी वापरावं. उरेल ते जिरवावं.

[दृश्य: कूलिंग टॉवर, जवळून. जाळीवर साचलेला पांढरा थर]

हा पांढरा थर बघा. हा क्षार. कूलिंग टॉवर यंत्रांचं गरम पाणी थंड करतो. त्यात पाण्याची वाफ होते, क्षार मागं राहतात. ते वाढत जातात, पाईपात थर धरतात, म्हणून ठरावीक वेळानं टॉवरमधलं पाणी सोडून द्यावं लागतं. त्याला ब्लोडाऊन म्हणतात. बोअरचं पाणी जड असेल, तर ब्लोडाऊन जास्त. पावसाच्या पाण्यात क्षार नावालाच असतात. ते टॉवरला दिलं तर तेच पाणी जास्त वेळा फिरतं, कमी सोडावं लागतं, केमिकलही कमी लागतं. बॉयलरच्या आधी आरओ, म्हणजे पाण्यातले क्षार काढणारं यंत्र असेल, तर त्याचं वाया जाणारं पाणीही घटतं. म्हणजे पत्र्यावरचा एक लिटर बोअरच्या एका लिटरपेक्षा जास्त काम करतो. मेंटेनन्सच्या माणसाला हे सांगितलं की तो लगेच मान डोलावतो. हे रोज त्याच्या हाताखालून जातं.

टाकी किती मोठी हवी? सगळा पाऊस साठवायचा हट्ट नको. ५० मिलिमीटरच्या एका सरीत आपल्या शेडवरून दोन लाख लिटर येतं. एक लाख लिटरची टाकी त्यातलं निम्मं धरते, पण दोन पावसांच्या मधल्या दिवसांत ती वापरून रिकामी होते आणि पुन्हा भरते. तिचा फायदा या भरण्या-रिकामं होण्यात आहे. पावसाच्या सुरुवातीचे दोन मिलिमीटर, म्हणजे इथं दहा हजार लिटर, वेगळे काढून द्यायचे. पत्र्यावरची धूळ, पक्ष्यांची विष्ठा त्यात जाते. मग गाळणी, मग टाकी.

[दृश्य: विहिरीचा कठडा, काळा पाषाण, त्यावर मुरमाचा थर]

उरलेलं पाणी जमिनीत. पण मराठवाड्याची जमीन म्हणजे काळा पाषाण. अखंड खडकात पाणी शिरत नाही. ते राहतं मुरमात, भेगांत, दोन थरांच्या सांध्यात. त्यामुळं कुठंही खड्डा खणून भागत नाही. भूजलाच्या जाणकाराला आधी जागा दाखवावी. या जमिनीची नस मलिक अंबरच्या कारागिरांना कळली होती. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी जमिनीखालचं पाणी धरून नहर-ए-अंबरी या भुयारी कालव्यानं खडकीत, म्हणजे आजच्या याच शहरात आणलं.

एक गोष्ट मात्र कडक पाळायची. पाणी जिरवायला बोअर वापरली, तर तिच्यात फक्त छपराचं पाणी. यार्डाचं, पार्किंगचं, भंगाराजवळचं पाणी तिथं सोडलं, तर भूजल नासतं. खडकात गेलेलं तेल कुणाला बाहेर काढता येत नाही, आणि शेजारच्या गावाची विहीर त्याच भेगांवर असते.

[दृश्य: कारखान्याचं गेट, हिरवळ, टँकरचा पाईप. मग कडुलिंबाची रांग]

आणि झाडं. गेटसमोरची हिरवळ मे महिन्यात टँकरवर जगवायची, त्याला हरितपट्टा म्हणवत नाही. इथं कडुलिंब, करंज, शिरीष, बहावा, वड लावा. पहिली दोन-तीन वर्षं जपा, पुढं ती आपली जगतात. आणखी एक साधी चूक जवळपास प्रत्येक आवारात दिसते. बागेचा वाफा रस्त्याच्या वर असतो, भोवती विटांची कड. पाऊस पडला की वाफ्यातलं पाणी रस्त्यावर! वाफा वीतभर खाली घ्या, कडेला ठिकठिकाणी खाच ठेवा, उतारावर वाळा लावा. रस्त्याचं पाणी झाडाकडं येईल, गाळ वाळ्यात अडकेल, गटाराचा भार हलका होईल. ऑइल सांडणारी जागा तेवढी यातून वगळायची.

खाम नदीच्या पुनरुज्जीवनात महापालिका आणि छावणी परिषदेबरोबर इकोसत्त्व ही संस्था आणि व्हॅरॉकसारखा इथलाच उद्योग उतरला आहे, हे फार मोलाचं आहे. तिच्या काठच्या प्रत्येक शेडनं आपलं छपराचं पाणी गटारापासून तोडलं, तर त्या कामाला मोठा हातभार लागेल.

[दृश्य: शिडीवर कामगार, पन्हळीतला पाला काढताना]

अनेक ठिकाणी हे सगळं बांधलेलं असतं, आणि गाळानं बुजलेलंही असतं. परवानगीच्या फाइलला फोटो लागला, काम तिथंच थांबलं. म्हणून दर मे महिन्यात पन्हळ साफ, गाळणीतली वाळू धुतलेली, पहिल्या पाण्याचा व्हॉल्व्ह तपासलेला. हे काम एका माणसाच्या नावावर लिहा. टाकीच्या तोंडाशी मीटर बसवा, आणि दर महिन्याच्या बैठकीत वीजबिलाच्या आकड्याबरोबर त्या मीटरचा आकडाही वाचा.